वाचले, पण कळले नाही



इंग्रजीच्या मास्तराला व्याख्यानाला बोलावण्यात एक धोका असतो. बोलता बोलता तो श्रोत्यांचीच परीक्षा घेऊ लागतो. आपण निश्चिंत असावे. आज परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती मी माझी स्वतःची घेणार आहे, आणि तिच्यात मी कुठे नापास झालो तेही सांगणार आहे.

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, श्रीवर्धन तालुक्यात, आमची दिघी आहे. समोरच्या तीरावर आगरदांडा, आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा असलेला जंजिरा. या परिसरातील एका हायस्कुलात मी १९८४ साली इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती; शाळेच्या जुन्या कागदांवर अजून कुलाबाच होता. वर्गातली मुले मासेमारी करणाऱ्यांची, नारळी-पोफळीच्या वाड्या राखणाऱ्यांची, मोलमजुरी करणाऱ्यांची, आणि ज्यांचे वडील मुंबईला, जहाजावर किंवा आखातात चाकरीला आहेत अशा घरांतली. या मुलांना मी तेहतीस वर्षे इंग्रजी वाचायला आणि लिहायला शिकवले. निदान शिकवतो आहे असे मला वाटत होते.

त्या वाटण्याला पहिला धक्का बसला तो असा. माझा एक विद्यार्थी शालान्त परीक्षेत इंग्रजीत शंभरापैकी अडुसष्ट गुण मिळवून पास झाला. आमच्या शाळेच्या मानाने हे गुण भूषणावह होते, आणि मी ते चारचौघांत सांगतही असे. पाचसहा वर्षांनी एका संध्याकाळी तो घरी आला. हातात दोन पानांचा इंग्रजी कागद होता. परदेशातल्या नोकरीचा करार. "सर, यात काय लिहिले आहे ते जरा सांगता का?" मी वाचले. दोन वर्षे नोकरी सोडायची नाही. प्रवासखर्च पहिल्या काही महिन्यांच्या पगारातून कापून घेतला जाईल. मुदतीआधी परत यायचे झाल्यास तिकीट स्वतःच्या पैशाने काढायचे. खाली त्याची सही होती.

मी रागावून म्हणालो, "अरे, सही करण्यापूर्वी वाचले नाहीस?"

तो म्हणाला, "वाचले ना, सर. तिथल्या माणसाने विचारले, इंग्रजी वाचता येते ना? मी त्याला सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. कुठे अडलो नाही. पण कळले नाही."

कर्ज काढून त्याने तयारी केली होती, त्यामुळे तो गेला आणि दोन वर्षे काढून परत आला. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. कारण तो खोटे बोलत नव्हता. वर्गात मी त्याला हेच शिकवले होते. उभा राहा, पुस्तक हातात धर, न अडखळता वाच. तो न अडखळता वाचे आणि मी "शाबास, बैस" म्हणे. त्याने वाचले त्याचा अर्थ काय, हे मी त्याला क्वचितच विचारले असेल. अर्थ मीच सांगत असे, उत्तरे मीच फळ्यावर लिहून देत असे, आणि ती पाठ करून तो अडुसष्ट गुणांपर्यंत पोचला होता. तेव्हापासून मी एकाच प्रश्नाचा विचार करीत आलो आहे. वाचता येणे म्हणजे नेमके काय?

वाचण्याची क्रिया बाहेरून एक दिसते, पण तिच्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, अक्षरावरून उच्चाराकडे जाणे. दुसरी, उच्चारावरून शब्द ओळखणे. तिसरी, शब्दांच्या जुळणीवरून अर्थाकडे जाणे. सहा वर्षांचे मराठी मूल शाळेत येते तेव्हा दुसरी आणि तिसरी पायरी ते घरूनच चढून आलेले असते. 'आई पाणी दे' हे वाक्य ते हजारदा बोललेले असते. त्याला फक्त अक्षरे ओळखायची असतात. ती ओळखली आणि तोंडातून उच्चार बाहेर पडला, की अर्थ आपोआप उजळतो. म्हणून मराठीत मोठ्याने नीट वाचणारे मूल बहुधा समजूनही वाचत असते.

इंग्रजीत आमच्या मुलाला तिन्ही पायऱ्या नव्याने चढायच्या असतात. अक्षरे ओळखून उच्चार करणे साधले, तरी तो उच्चार त्याच्या कानाला ओळखीचा नसतो. तो घरात, जेटीवर, बाजारात कधी ऐकलेला नसतो. आणि आपण काय करतो? पहिली पायरी चढली की टाळी वाजवून त्याला खाली बसवतो. मराठीतली खूण इंग्रजीला लावतो आणि फसतो. माझा विद्यार्थी तो कागद वाचताना पहिल्या पायरीवर अगदी भक्कम उभा होता. बाकीचा जिना त्याला कोणी दाखवलाच नव्हता.

बरे, ही पहिली पायरी तरी सोपी आहे काय? बी-यू-टी 'बट' आणि पी-यू-टी 'पुट', हा विनोद आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. मुले विचारतात, "सर, इंग्रजांना एवढे साधे कसे कळले नाही?" याचे उत्तर इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली इंग्लंडात पहिला छापखाना घातला. छपाईमुळे शब्दांची स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. पण लोकांचे उच्चार काही गोठले नाहीत, ते पुढची दोनतीन शतके बदलतच राहिले. सरदार या अर्थाचा 'नाइट' हा शब्द घ्या. त्याच्या आरंभीचा 'के' आणि मधले 'जी-एच' आज मुके आहेत. एके काळी ती अक्षरे खरोखर उच्चारली जात. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग हा पुष्कळ ठिकाणी शब्दाचा जुना फोटो आहे. माणूस म्हातारा झाला, पण भिंतीवर तसबीर तरुणपणीचीच आहे!

हे सांगितले की मुलांची भीती निम्मी कमी होते. उरलेली निम्मी कमी करण्यासाठी मी त्यांना मराठीची आठवण देतो. 'माझा' म्हणा आणि 'माझी' म्हणा. अक्षर एकच 'झ', पण उच्चार दोन. 'चार' आणि 'चारा' म्हणा. 'च' तोच, पण गाईपुढे टाकायचा चारा आणि आकड्यातले चार यांचा उच्चार निराळा. आपल्याला हे कोणी शिकवावे लागले नाही, कारण शब्द आपल्या ओळखीचा होता. तात्पर्य असे, की शब्द ओळखीचा असला म्हणजे लिपीचा लहरीपणा बाधत नाही, आणि शब्दच अनोळखी असला तर शुद्ध उच्चारही पोट भरीत नाही.

तिसऱ्या पायरीवर आणखी एक खड्डा आहे, आणि मला वाटते तोच सर्वांत खोल आहे. मराठीत 'माणसाने वाघाला मारले' म्हटले काय आणि 'वाघाला माणसाने मारले' म्हटले काय, मेला तो वाघच. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले असतात. शब्द कुठेही हलवले तरी मारणारा कोण आणि मरणारा कोण हे ठरलेले राहते. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत. तेथे जागेवरून नाते ठरते. 'द मॅन किल्ड द टायगर' यात माणूस आणि वाघ यांची अदलाबदल केली की माणूस मेला. आमचा विद्यार्थी शब्दकोश घेऊन बसतो. माणूस, मारणे, वाघ असे तीन अर्थ काढतो. आणि मग व्यवहारज्ञानाने निर्णय देतो, की वाघाने माणसाला मारले असणार! वर्गात याला हसता येते. पण करारात 'कामगाराने मालकाला द्यावे' आणि 'मालकाने कामगाराला द्यावे' यांतला फरकही इंग्रजीत केवळ जागेचा असतो. तेथे हसून भागत नाही.

आता हे सगळे आपल्या पूर्वजांना कसे साधले, असा प्रश्न येतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी डॉक्टर जॉन्सनचा 'रासेलस' मराठीत आणायला घेतला आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी तो पुरा केला. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा शब्दप्रयोग याच विष्णुशास्त्र्यांच्या नावाने सांगितला जातो. आणि १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणाऱ्यांत तेच पुढे होते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे, आणि ती आपण विसरलो आहो. त्या पिढीने इंग्रजी वाचली आणि वाचलेले मराठीत मांडून दाखवले. आपल्याला कळले याचा पुरावा त्यांनी मातृभाषेत दिला. ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पुढच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिचेही बळ हेच होते. विद्यार्थ्याला दर पावलाला मराठीकडे वळून पाहावे लागे. तिचा कमकुवतपणा असा, की सुटी सुटी वाक्ये उलटसुलट करण्यातच वर्ष सरे. सलग पुस्तक वाचण्याची गोडी लागण्याआधीच मूल शाळेतून बाहेर पडे. पुढे आम्ही शिक्षकांनी पाठमालेतले वाक्यामागचे कष्ट सोडले आणि तयार उत्तरे तेवढी धरली. म्हणजे दूध सांडले आणि भांडे जपून ठेवले.

दरम्यान सरकारी धोरणे बदलत राहिली. स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजी आठवीपासून शिकवीत. पुढे ती पाचवीपासून आली. आणि २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून आहे. इंग्रजी केव्हापासून शिकवावी यावर किती वाद झाले, ते आपण जाणताच. माझ्या पुरते सांगायचे, तर मी पाचवीपासून शिकलेली मुलेही पाहिली आणि पहिलीपासून शिकलेलीही. वर्षे वाढल्याने उच्चार सुधारले, भीती कमी झाली, हा लाभ खराच. पण 'वाचले, पण कळले नाही' हे दुखणे वर्षे वाढवून गेले नाही. अर्थ विचारल्याशिवाय ते जाणारही नाही.

या बाबतीत मला ज्याचा मोठा उपयोग झाला, तो विचार एका इंग्रजाचा आहे. मायकेल वेस्ट हे गृहस्थ बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षणखात्यात होते. १९२६ साली त्यांचा बंगालमधील द्विभाषिक शिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द वापरला आहे. आपण विमा उतरवतो आणि मुदतीआधी हप्ते थांबवतो, तेव्हा कंपनी जी रक्कम हातावर ठेवते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्ट यांचा प्रश्न असा, की पुष्कळ मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात. तेव्हा प्रत्येकाच्या हातावर काय पडते? व्याकरणाचे नियम अर्धे शिकून सोडले तर हाती शून्य. बोलणे अर्धे शिकून गावी परतले तर बोलायला कोणी नसते, तेही विरून जाते. पण साधे पुस्तक समजून वाचण्याइतकी शक्ती आली असेल, तर ती शाळा सुटल्यावरही टिकते आणि वापरली तर वाढते. म्हणून वाचन आधी.

दिघीच्या मुलांना हे जसेच्या तसे लागू पडते. दहावीनंतर कोणी होडीवर जातो, कोणी मुंबईला, कोणी बंदरावर. त्याच्या हातावर आम्ही काय ठेवले? पाठ केलेले निबंध. त्यांची सरेंडर व्हॅल्यू परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी शून्य होते.

वेस्ट यांनी दुसरीही एक गोष्ट केली. इंग्रजीत नेहमी लागणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची निवडक यादी त्यांनी संपादित केली. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. थोड्या शब्दांत लिहिलेली सोपी पुस्तके मुलांना पुष्कळ वाचू द्यावीत, हा त्यांचा आग्रह होता. अलीकडच्या संशोधकांनीही असा हिशेब मांडला आहे, की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. आमच्या वर्गात मात्र शंभरातले वीस-पंचवीस शब्द अनोळखी असलेला धडा मुलांपुढे ठेवून आम्ही म्हणतो, "वाच!" हे वाचन नव्हे, खडकाळ किनाऱ्यावर अनवाणी धावणे आहे.

म्हणून मी काय केले ते सांगतो. फार मोठे काही केले नाही. एका पत्र्याच्या पेटीत पातळ, सोपी, चित्रांची इंग्रजी पुस्तके जमवली. आठवड्यातून एकदा तासाची शेवटची पंधरा मिनिटे प्रत्येकाने एक पुस्तक घेऊन मनात वाचायचे. नियम एकच. पानावर अनोळखी शब्द आला की एक बोट मिटायचे. पाचही बोटे मिटून मूठ वळली, तर पुस्तक न लाजता पेटीत ठेवायचे आणि त्याहून सोपे घ्यायचे. आठवीतला मुलगा दुसरीचे पुस्तक घेऊन बसला तरी त्याला कोणी हसायचे नाही. पहिले काही महिने पुष्कळांच्या मुठी पहिल्याच पानावर वळत. पुढे त्या उघड्या राहू लागल्या.

दुसरी गोष्ट, मी वर्ग जेटीवर नेला. आमच्या जेटीवर, लाँचवर, डिझेल इंजिनावरच्या पट्टीवर, बर्फाच्या पेट्यांवर, औषधाच्या पाकिटांवर आणि अलीकडे बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांवर किती इंग्रजी सांडलेली असते, ते आपण पाहिले आहे. प्रत्येकाने एक ओळ उतरवून आणायची आणि तिला तीन प्रश्न विचारायचे. हे कोण सांगतो आहे? कोणाला सांगतो आहे? आणि काय करायला सांगतो आहे? उत्तर मराठीत दिले तरी चालेल. किंबहुना मराठीतच द्या, म्हणजे मला खरे काय ते कळेल. हे तीन प्रश्न मी त्या दोन पानी करारावरून शिकलो. माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी एवढे तीन प्रश्न विचारता आले असते, तर अडलेल्या शब्दापाशी तो थांबला असता; आणि थांबणे हीच समजून वाचणाऱ्याची पहिली खूण आहे. जो कुठेच अडत नाही, त्याच्या वाचनाविषयी मला आता शंका येते.

येथवर वाचनाचे झाले. लिहिण्याविषयीचा माझा अपराध त्याहून मोठा आहे.

माझ्या वर्गात वर्षानुवर्षे पन्नास मुलांनी 'माझा आवडता छंद' या विषयावर एकच निबंध लिहिला. तो माझा होता. त्या पन्नासांचा आवडता छंद पोस्टाची तिकिटे जमवणे हा होता, आणि त्यांपैकी एकाच्याही घरी तिकिटांची वही नव्हती. खेकडे पकडण्यात, गळ टाकण्यात, पतंगाला मांजा लावण्यात पटाईत असलेली ही मुले परीक्षेच्या कागदावर मुकाट्याने तिकिटे जमवीत. मी त्यांना इंग्रजीबरोबर एक वाईट धडा देत होतो. इंग्रजीत लिहायचे ते आपले नसते, हा तो धडा.

लिहिण्याला वाचणारा लागतो. शाळेतल्या निबंधाला वाचणारा नसतो, तपासणारा असतो. साने गुरुजी १९२४ सालापासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. विचार करा. हाताने लिहिलेले वृत्तपत्र आणि वाचणारे म्हणजे त्याच वसतिगृहातली मुले. पण ती सकाळी त्याची वाट पाहत असतील. आणि कोणी वाट पाहत असेल, तर लिहिणाऱ्याची लेखणी आपोआप सावध होते.

गुरुजींचा वारसा सांगण्याची माझी योग्यता नाही. मी त्यांच्या उदाहरणातले एवढेच उचलले, की वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावला आणि सांगितले, "आपल्या घरची एक बातमी इंग्रजीत लिहून लावा. आधी मराठीत लिहिली तरी हरकत नाही." पहिले दोन आठवडे कागद कोराच राहिला. मग नववीतल्या एका मुलीने चार ओळी लावल्या. 'माय मदर ड्राय फिश. रेन कम. शी रन. ऑल फिश वेट.' आई मासळी वाळवते, पाऊस आला, ती धावली, सगळी मासळी भिजली.

पूर्वीचा मी असतो तर लाल शाईने आठ ठिकाणी खुणा केल्या असत्या आणि तिने पुन्हा म्हणून काही लावले नसते. त्या दिवशी मी खाली एवढेच लिहिले, "मग काय झाले?" दुसऱ्या दिवशी आणखी पाच ओळी आल्या. किती मासळी वाया गेली, व्यापारी काय म्हणाला, आई रात्री जेवली नाही. आठवड्यापूर्वीच्या त्या अवकाळी पावसात मीही होतो. छत्री नव्हती म्हणून मी कुरकुरलो होतो. दोन गल्ल्यांपलीकडच्या घरात काय घडले, ते मला एका विद्यार्थिनीच्या इंग्रजीवरून कळले. इतक्या वर्षांत मी हजारो वह्या तपासल्या होत्या. वही वाचून मला न ठाऊक असलेले काही कळले, असे प्रथमच घडत होते.

मग मी तिला सांगितले, "हे घडून गेले ना? तर घडून गेल्याची क्रियापदे लावू या." आणि 'कम'चे 'केम', 'रन'चे 'रॅन' तिने स्वतः केले. व्याकरण तिला आता हवे होते, कारण तिला काही सांगायचे होते. दुरुस्तीचा माझा नियमही तेव्हापासून बदलला. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवायची. या पंधरवड्यात क्रियापदाचा काळ. पुढच्यात शब्दांचा क्रम. 'ए' आणि 'द' यांची पाळी शेवटी, कारण आपल्या भाषेत ती नाहीतच आणि ती चुकली म्हणून अर्थाचे फारसे बिघडत नाही. सगळ्या चुका एकदम दाखवल्या तर मुलाला एकच गोष्ट कळते. आपल्याला हे जमणार नाही.

आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल, की परीक्षेचे काय? पालकांनी मलाही तो विचारला. "मास्तर पोरांना जेटीवर फिरवतात, पोर्शन कधी पुरा करणार?" अशी तक्रारही झाली. मी प्रामाणिकपणे सांगतो. पस्तीस मिनिटांच्या तासात पन्नास मुलांना असे शिकवणे अवघड आहे. जानेवारी उजाडला की मीही घाबरून नमुन्याची उत्तरे देत असे, आणि सगळी मुले काही वाचक झाली नाहीत. गुणांचे म्हणाल, तर वरच्या मुलांचे दोनचार कमी झाले असतील. पण जी मुले पूर्वी कोरा कागद देऊन उठत, ती आता चुकीचे का होईना, स्वतःचे काही लिहून उठत. मी या व्यवहाराला तोट्याचा म्हणणार नाही.

दुसरा प्रश्न आजचा आहे. आता मोबाइलने कागदाचा फोटो काढला की मराठी भाषांतर हातात येते. मग एवढा खटाटोप कशाला? ही सोय चांगली आहे. माझ्या विद्यार्थ्याजवळ ती असती तर मला आनंदच झाला असता. परंतु भाषांतर मिळाले तरी ते वाचून 'कोण, कोणाला, काय करायला सांगतो' हे विचारावे लागतेच, आणि 'येथे काहीतरी चुकते आहे' ही शंका यंत्राला नव्हे, माणसाला यावी लागते. न कळता वाचण्याची सवय लागलेला माणूस मराठी भाषांतरही घडाघडा वाचील आणि खाली सही करील.

आता आपल्याकडे एक मागणे. आपल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, हे आपण जाणता. त्याच रानड्यांनी १८७३ साली लग्न होऊन घरी आलेल्या रमाबाईंना स्वतः लिहा-वाचायला शिकवले, पुढे इंग्रजीही शिकवली. त्या रमाबाईंनी १९१० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले; ते त्यांनी मराठीत लिहिले, आणि ते आजही वाचले जाते. घरात रोज थोडा वेळ, विचारणारे कोणी असले, तर काय होते याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याला "किती गुण मिळाले?" हे जरूर विचारा, पण त्याआधी "आज काय वाचलेस, आणि त्यात काय होते?" असे विचारा. आपल्याला इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम. मग त्याला ते खरोखर समजावून सांगावे लागेल. विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, बँकेचा कागद त्याच्या हाती द्या आणि म्हणा, "मला सांग यात काय आहे." अडले तर अडू द्या. त्याला अडण्याची लाज वाटू देऊ नका, कारण पुढे ज्या कागदावर त्याला सही करायची आहे, त्या कागदापाशी त्याने अडावे अशीच आपली इच्छा आहे.

माझा तो विद्यार्थी आज दिघीतच असतो. त्याचे ते कापले गेलेले पगार परत मिळाले नाहीत, आणि मीही ते त्याला देऊ शकलो नाही. पण हल्ली त्याच्याकडे काही इंग्रजी कागद आला, की तो शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीला शेजारी बसवतो. ती भराभर वाचू लागली की तिला मध्येच थांबवतो आणि म्हणतो, "हळू. आधी सांग, कोण कोणाला द्यायचे म्हणतो?"

मी तेहतीस वर्षे जे शिकवायला हवे होते, ते त्या एका प्रश्नात आले.